मध्यंतरानंतर सिनेमाला काय होतं?

जुळेकर:
नमस्कार मंडळी. सिनेमातलं मला फारसं कळत नाही, हे आधीच सांगून टाकतो. समीक्षा वाचत नाही, कॅमेरा कुणाचा होता ते विचारत नाही. पोरं म्हणाली चला, की निघतो. रात्री घरात जी मालिका लागलेली असेल ती जेवता जेवता बघतो. तर अशा माणसाचं एक निरीक्षण. गाजलेले बरेचसे सिनेमे मध्यंतरापर्यंतच चांगले असतात. पहिल्या तासात माणसं भेटतात, गाणी येतात, थट्टामस्करी चालते. समोसा खाऊन परत येऊन बसलं की कुणीतरी कुणाचा तरी सूड घ्यायला निघालेलं असतं. तिथून शेवटपर्यंत हाणामारी, नाहीतर कोर्टात भाषण.

'सैराट' (२०१६) घ्या. शिव्या घालू नका, आपल्या सोलापूर जिल्ह्याचा सिनेमा आहे, मलाही कौतुक आहे. पण ती दोघं पळून हैदराबादला पोचली आणि मी घड्याळ बघायला लागलो. 'पुष्पा'चा पहिला भाग (२०२१) घ्या. लाल चंदनाची चोरटी वाहतूक कशी चालते ते बघायला मजा आली, नंतर नुसतं खांदा वाकडा करून चालणं. मालिकांचं तर विचारूच नका. लग्न होईपर्यंत गोड, लग्न झालं की विषप्रयोग, गेलेली स्मृती आणि जुळी बहीण.

असं मलाच वाटतं की तुम्हालाही? आणि मध्यंतरानंतर चढत जाणारा एखादा सिनेमा सांगा, रविवारी बघतो.

नवीपेठी:
समोसा खाल्ल्यावर झोप येते मालक. त्यात सिनेमाचा काय दोष?

कडकभाकरी:
मला तर मध्यंतरापर्यंतही दम निघत नाही. घरी मोबाईलवर बघायला लागल्यापासून सिनेमा तीन-चार हप्त्यांत बघते. कुठला अर्धा पहिला न् कुठला दुसरा, काही कळत नाही.

पूर्वभाग:
जुळेकर, तेलुगू सिनेमा हिंदीत बघता आणि मराठी मापानं मोजता, म्हणून घोटाळा होतो.

मी दत्तनगरचा. घरात तेलुगू, शाळा मराठी, मित्रांत हिंदी. तेलुगू कळतं, बोलतो, पण लिपी वाचता येत नाही. आमच्या पिढीत असे ढिगानं आहेत. आमच्याकडे पहिला शो बघून आलेल्याला कुणी 'स्टोरी काय' असं विचारत नाही. 'इंटरव्हल कसा आहे?' हा पहिला प्रश्न. तेलुगू सिनेमात 'इंटरव्हल बँग' नावाचा प्रकारच असतो. दिवे लागायच्या आधीची दहा-पंधरा मिनिटं अशी रचायची की माणूस बाहेर गेला तरी त्याचं डोकं आत राहिलं पाहिजे. 'आरआरआर' (२०२२) आठवा. भीम गाडीभर जंगली जनावरं घेऊन गव्हर्नरच्या बंगल्यात घुसतो, तो प्रसंग मध्यंतराचा. एकदा वाघ सोडल्यावर पुढे काय सोडणार? राजामौली त्याच्याही पुढे नेतो, कारण तो राजामौली आहे. बाकीच्यांचा सगळा दारूगोळा तिथेच संपतो.

'पुष्पा'चं दुखणं वेगळं. त्यातला खरा तोलामोलाचा विरोधक, तो टकल्या पोलीस अधिकारी (फहाद फासिल), शेवटच्या अर्ध्या तासात येतो. का? तर त्याची लढत २०२४ च्या दुसऱ्या भागासाठी राखून ठेवायची होती. म्हणजे तुम्ही बघितला तो अख्खा सिनेमाच पूर्वार्ध होता.

नवीपेठी:
म्हणजे तिकिटं दोन, सिनेमा एक.

पूर्वभाग:
आणि समोसे चार.

जेऊर_स्टेशन:
सैराटवर बोललात, आता ऐकून घ्या.

मी करमाळा तालुक्यातला. नागराज मंजुळे आमच्या जेऊरचे, आर्ची झालेली रिंकू राजगुरू अकलूजची. त्यामुळे मी निःपक्षपाती नाही आणि तसा आवही आणणार नाही. पण हैदराबादचा भाग 'घसरला' हे म्हणणं मला पटत नाही. पहिल्या भागात सगळं हिंदी सिनेमासारखं आहे: विहिरीत उड्या, बुलेट, ट्रॅक्टर, संथ गतीतलं धावणं, अजय-अतुलचं परदेशी वाद्यवृंदानं वाजवलेलं भरजरी संगीत. आपण नाचतो. मग ती दोघं पळून जातात आणि सिनेमा ते सगळं काढून घेतो. झोपडपट्टीतली खोली, डोशाची गाडी, बाटल्यांच्या कारखान्यातली नोकरी, संशय, भांडण. गाणी बंद. पळून जाऊन प्रेम करणाऱ्यांच्या वाट्याला एरवी सिनेमात 'आणि ते सुखाने नांदू लागले' एवढंच येतं; इथे नांदणं म्हणजे काय ते दाखवलंय. तिथे तुम्हाला कंटाळा आला म्हणता ना, तो आर्चीलाही आलाय.

आणि शेवट. तिथे संगीताचा एक सूर नाही. झिंगाटला खुर्च्या सोडून नाचलेलं पब्लिक बाहेर पडताना एकमेकांशी बोलत नव्हतं. पूर्वार्धात एवढं नाचवलं नसतं तर तो शेवट एवढा लागला असता का?

जुळेकर:
शेवटाबद्दल वादच नाही. पण दादा, मुद्दाम आणलेला कंटाळाही कंटाळाच असतो. मी दमून आलेला माणूस. दिग्दर्शकाला काय साधायचं होतं ते मला घरी आल्यावर कळून काय उपयोग, खुर्चीत असताना कळायला पाहिजे.

जेऊर_स्टेशन:
मग 'धडक' (२०१८) बघा. तीच गोष्ट उदयपूर आणि कोलकात्याला नेली. सगळं स्वच्छ, इस्त्री केलेलं. घड्याळ बघायची वेळ येणार नाही. सिनेमा संपला की तो कशावर होता हेही आठवणार नाही.

हुरडापार्टी:
तिकडे जातीचा विषयच पातळ करून टाकला, मग राहिलं काय? दोन श्रीमंत पोरं आणि सुंदर तळी.

मंद्रूपची_सून:
तुम्ही सगळे सिनेमात अडकलात. मालिकांवर बोला की कुणीतरी. माझं लग्न झालं तेव्हा 'चार दिवस सासूचे' चालू होती. माझ्या सासूबाई रोहिणी हट्टंगडींच्या भक्त. पोरगी झाली, शाळेत जायला लागली, तरी ती चालूच. २००१ ते २०१३, तीन हजारांवर भाग! नावात चार दिवस आणि चालली बारा वर्षं. त्यातली सासू बदलली, सून बदलली, आमच्या घरातली सासू होती तशीच आहे. (त्या इथे वाचत नाहीत, खात्री केली आहे.)

बाळीवेस_काका:
ताणाताणी आजची नाही. दूरदर्शनवरची 'रामायण' मालिका १९८७ मध्ये सुरू झाली, तेव्हा ५२ भागांची ठरली होती. लोकांना इतकी आवडली की मुदतवाढ मिळत मिळत ७८ भाग झाले. वाल्मीकींनी कथा लिहून ठेवलेली, रावण मरणार हे घरातल्या पोरालाही माहीत, तरी वाढवलीच! आमच्या वाड्यात एकच टीव्ही होता, रविवारी सकाळी खोलीत पाय ठेवायला जागा नसायची. एखादा बाण सुटला की समोरच्या बाणाला भिडेपर्यंत आमच्या आईचा चहा उकळून व्हायचा. पण तक्रार कुणी केली नाही. युद्ध संपलं तर लोक म्हणाले पुढचंही दाखवा, मग उत्तर रामायण आलं.

सांगायचं एवढंच की ताणणाऱ्याला शिव्या देताना ताणून मागणाऱ्याकडेही बघावं.

पडद्यामागे:
काकांशी सहमत. माझी भाची मुंबईत एका मालिकेच्या सेटवर सहायक म्हणून काम करते. ती जे सांगते ते ऐकल्यावर माझा मालिकांवरचा राग निम्मा झाला.

अर्ध्या तासाच्या भागात जाहिराती वगळल्या तर वीस-बावीस मिनिटं भरायची असतात. आठवड्याला सहा भाग, कधी रविवारी महाएपिसोड. सुरुवातीला हातात भागांची 'बँक' असते, म्हणजे आधीच चित्रित करून ठेवलेले भाग. एखादा सण, एखादं आजारपण, दोन दिवस पाऊस, की बँक रिकामी. मग आज शूटिंग, उद्या प्रक्षेपण. संवाद सेटवर येतात ते फोनवर, रंगरंगोटी चालू असताना. नटाला नाटकाच्या दौऱ्यावर जायचं असेल तर त्याचं पात्र 'कंपनीच्या कामानं बंगळूरला' जातं. गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात. आकडा पडला की ठरलेला ट्रॅक बंद, नवीन पात्र आत.

आणि ते तीन वेळा मान वळवणं! सासू, सून, नणंद, दीर, प्रत्येकाचा धक्का बसलेला चेहरा. त्यात दीड मिनिट सहज निघतं. लेखकानं काही लिहायचं नाही, नटानं काही पाठ करायचं नाही. जुळेकर म्हणतात लग्नानंतर मालिका बिघडते. अहो, लग्नापर्यंतचीच गोष्ट लेखकाकडे असते. चॅनेलला विकलेली गोष्टच तेवढी. त्यापुढे रोजच्या रोज खड्डा खणून रोजचं पाणी.

विडीघरकुल:
मी इथं कधी लिहीत न्हाई, आज लिहायलेय.

आमच्या घरी आई, मी आणि मोठी काकी, तिघी विड्या वळतो. सकाळी पानं भिजवून ठेवायची, कातरायची, मग सूप मांडीवर घेऊन बसलं की हजार होईपर्यंत उठायचं न्हाई. मजुरी हजारावर. टीव्ही समोर चालूच. पण डोळे सुपात. तंबाखू किती भरली, दोरा नीट बसला का, हे न बघता चालत न्हाई. कारखान्यात खराब विडी बाजूला काढतेत. म्हणून मालिका आम्ही बघत न्हाई, ऐकतो.

आता तुमी म्हणता एकच गोष्ट चारदा का सांगतेत. ती आमच्यासाठी सांगतेत. काकी पाणी प्यायला उठली, परत आली, तरी तिला कळतंय काय चाललंय. धाडधाड वाजलं की मान वर करायची, तेवढा चेहरा बघायचा, परत खाली. ती मान तीनदा वळवतेत ना, ते बरंच हाय. एकदाच वळवली तर आमची चुकायची की. सिनेमाचं तसं न्हाई, सिनेमा बघायचा म्हंजे काम सोडून बसायला लागतंय, म्हणून तो वर्षातनं एखादा.

मालिका भिकार असतेत हे मलाबी कळतंय. पण सहा तास खाली मान घालून शांत बसून दाखवा.

पडद्यामागे:
ताई, ही पोस्ट भाचीला पाठवली. ती म्हणते, लेखकांच्या बैठकीत हेच सांगतात: बाई स्वयंपाकघरात आहे असं धरून लिहा. विड्यांचं त्यांना माहीत नव्हतं.

कडकभाकरी:
विडीघरकुल ताई, लिहीत राहा हो. इथे एवढं कामाचं बोलणारं कुणी नाही, आम्ही सगळे नुसते रिमोट घेऊन बसलेलो.

नवीपेठी:
आमच्या आण्णांचं उलटं. त्यांना मालिकेत काय चाललंय ते आवाज बंद करूनही कळतं. साडीचा रंग भडक आणि टिकली मोठी असली की ती वाईट. आवाज बंद असतो तेव्हा घरात शांतता असते, असं त्यांचं म्हणणं.

हुरडापार्टी:
मला एक सांगा बे, मालिकेत गावाकडचं दाखवायचं झालं की कोल्हापूर नाहीतर सातारा. 'तुझ्यात जीव रंगला' कोल्हापूरची, 'लागिरं झालं जी' साताऱ्याची. कोकणात 'रात्रीस खेळ चाले'. सोलापूर कुठाय? सोलापूर फक्त तेव्हाच येतं जेव्हा कुणाला तरी चादर भेट द्यायची असते.

पूर्वभाग:
शेंगाचटणीला विसरलास का बे?

बाळीवेस_काका:
सोलापूरवर सिनेमा हवा असेल तर गोष्ट तयार आहे. मे १९३० मध्ये इंग्रजांनी सोलापुरात मार्शल लॉ पुकारला. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, किसन सारडा, कुर्बान हुसेन, चौघांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिली. आपण रोज पुतळ्यांवरून जातो, त्यांच्या नावाच्या हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याला जातो. गिरणगाव, वेगवेगळ्या जातिधर्मांतली चार माणसं, खटला, फाशी. पूर्वार्ध-उत्तरार्ध दोन्ही भरलेले. याच्यावर मोठा, गाजेल असा सिनेमा मी अजून बघितलेला नाही.

नवीपेठी:
काढला तर धनशेट्टींच्या तोंडी पुणेरी मराठी असेल आणि मध्यंतरानंतर एक लावणी.

बाळीवेस_काका:
ते भय आहेच. सोलापूरच्या माणसावर मोठा सिनेमा झाला तो डॉ. कोटणिसांवर. भैय्या चौकात स्मारक आहे ते. १९३८ मध्ये चीनला गेले, जखमी सैनिकांवर उपचार करता करता १९४२ मध्ये तिथेच वारले. शांतारामबापूंनी १९४६ मध्ये सिनेमा काढला आणि कोटणीस स्वतःच झाले. माझ्या वडिलांनी बघितला होता. ते तेवढंच सांगायचे, 'आपला माणूस होता.' कसा होता सिनेमा ते कधी सांगितलं नाही.

संपादक:
मंडळी, विषय मध्यंतराचा आहे. चादर, चटणी आणि इतिहासासाठी वेगळा धागा काढावा.

पूर्वभाग:
मध्यंतराबद्दलच बोलतो मग. इंग्रजी सिनेमात मध्यंतर नसतंच मुळी. आपल्याकडे मधोमध पात्र बोलत असताना वाक्य तोडून दिवे लावतात. का? तिकिटाच्या पैशात वितरकाचा वाटा असतो, कँटीनचा पैसा थिएटरचा. मध्यंतर गेलं तर थिएटर कशावर चालेल? एका ठिकाणी तर आम्ही पॉपकॉर्न घेऊन परत आलो तोवर सिनेमा सुरू होऊन एक खून झाला होता. कुणी केला ते शेवटी कळलं, पण मेला कोण ते आजतागायत नाही.

मंद्रूपची_सून:
😂😂 हसून हसून भाकरी करपली.

जेऊर_स्टेशन:
जुळेकरांच्या मूळ प्रश्नाला कुणी उत्तरच दिलेलं नाही. मध्यंतरानंतर चढणारा सिनेमा: 'दृश्यम'. हिंदीतला २०१५ चा, आपल्या निशिकांत कामतांचा. मूळ मल्याळम, २०१३ चा. जुळेकरांच्या नियमाच्या बरोबर उलटा. पूर्वार्धात बराच वेळ काहीच होत नाही. केबलचा धंदा, बायको, पोरी, सिनेमे बघत जागणं. मग घटना घडते, आणि उत्तरार्धात साध्या साध्या गोष्टी, पणजीचा प्रवास, हॉटेलातलं जेवण, सत्संग, सगळ्याचा उपयोग व्हायला लागतो. जो पहिला तास पेंगला त्याला दुसरा कळत नाही.

जुळेकर:
बघितलाय की. पहिला तास पेंगलो होतो.

जेऊर_स्टेशन:
🙏

कडकभाकरी:
'अशी ही बनवाबनवी' (१९८८) कुणी कसा नाही सांगितला? हृषीकेश मुखर्जींच्या 'बीवी और मकान' (१९६६) वरून घेतलेली गोष्ट, पण मराठी इतकी मुरलेली की कुणाला सांगितलं तरी खरं वाटत नाही. भाड्याची खोली मिळवायला दोघं बायका होतात इथपर्यंत गंमत. आणि पुढे प्रत्येकाचं लग्न जुळायला लागतं तसं खोटं सांभाळणं अवघड होत जातं. चढतच जातो. टीव्हीवर मधूनच लावला तरी आमच्या घरातलं कुणी उठत नाही.

हुरडापार्टी:
बरोबर. त्यात कुणाला सूड घ्यायचा नाही. उत्तरार्धात खलनायकाची सोय लावायची नसली की सिनेमा हलका राहतो.

मंद्रूपची_सून:
मला वाटतं जुळेकरांना हाणामारीचा कंटाळा आहे, उत्तरार्धाचा नाही. पूर्वार्धातल्या हाणामारीतही ते घड्याळ बघत असणार.

जुळेकर:
असेलही. पण ताई, मला दुसरंच खटकतं. पहिल्या तासात त्या माणसाला भाऊ असतो, गल्ली असते, धंदा असतो, एखादा लोचट मित्र असतो. दुसऱ्या तासात हे सगळे कुठे जातात? हिरो एकटाच उरतो आणि समोर शंभर गुंड. मला तो लोचट मित्र बघायचा असतो. जेऊरदादांचं एवढं मान्य की सैराटमध्ये सल्या न् लंगड्या जातात तेव्हा ते गेल्याचं जाणवतं. बाकी सिनेमांत दिग्दर्शकच त्यांना विसरतो.

विडीघरकुल:
आमची काकीबी हेच म्हणती. परवा विचारत होती, त्या मालिकेतली थोरली आत्या कुठं गेली?

पडद्यामागे:
तिचं मानधन परवडेना, चारधामला पाठवली. परत येईलसं वाटत नाही.

जुळेकर:
बरं, रविवारचं ठरलं. बनवाबनवी घरात पाठ आहे, दृश्यम पोरांनी बघितलाय. पूर्वभाग, तुमच्याकडे लक्ष्मीनारायणला तेलुगू सिनेमा बघायला यायचं म्हणतो. इंटरव्हल चांगला असलेला सांगा. पण खाली इंग्रजी अक्षरं येतात ना? मला तेलुगूचं ओ की ठो कळत नाही.

पूर्वभाग:
अक्षरांचा भरवसा धरू नका. शेजारी बसलेला माणूस सगळं सांगेल मालक, मराठीत, न विचारता. शेवटही सांगेल. तेवढा मात्र आधीच सांगेल.